कथबर्ट सगळ्यांच्या स्वप्नात जातो

३ फेब्रुवारी, मंगळवार

ग्रेनाडाच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बोनाव्हेंचर आम्हा मुलींकडून रोज संध्याकाळी दिवसभरातल्या चुका लिहून घ्यायच्या. मला माझ्या कधी सुचायच्याच नाहीत, म्हणून मी शेजारच्या मुलीच्या लिहायची. इतक्या वर्षांनी पुन्हा वही उघडली, कारण आज खरंच एक चूक झाली. मी डॉक्टरांना खरं सांगितलं.

"झोप कशी लागते?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "खुर्चीत." त्यांनी ते लगेच टाइप केलं. डॉक्टर म्हणजे अगदी कोवळा मुलगा, बुटांना पॉलिश नाही. मग म्हणाले, "याला आम्ही डिप्रेशन म्हणतो."

"डॉक्टर," मी म्हटलं, "आमच्या लोकांत ते नसतं. आमच्यात ब्लडप्रेशर असतं, साखर असते, गुडघे असतात."

"कुणाशी तरी बोललात तर बरं वाटेल."

"मी दिवसभर बोलतच असते."

"कुणाशी?"

कथबर्टच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, टोपीशी, हे काही सांगण्यासारखं उत्तर नव्हे. टोपी दाराजवळच्या खुंटीवर आहे. ऑक्टोबरमध्ये तो गेला, ती राहिली.

संध्याकाळी लेस्टरहून जसिंटाचा फोन. मुलगी माझी, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. "मम्मी, ईस्टरपर्यंत तू कुणाकडे जाऊन बोलायला लागली नाहीस आणि नीट पलंगावर झोपायला लागली नाहीस, तर मी तुला इकडे घेऊन येणार. ते घर बंद."

"तिकडे मी झोपू कुठे?"

"मागच्या खोलीत."

मागच्या खोलीत व्यायामाची सायकल आहे. त्या सायकलवर आजवर फक्त कपडे वाळले आहेत. आता मीही तिथे वाळणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

युलाली आली होती. चार घरं सोडून राहते. तिकडे ग्रेनाडाजवळ, कॅरिआकू बेटावर तिचं घर टेकडीवर आमच्या घराच्या वरच्या अंगाला होतं, त्यामुळे ती लहानपणापासून माझ्याकडे वरूनच बघते. हडर्सफील्डला येऊन पन्नास वर्षं झाली तरी मोडलेली नाही ती सवय.

म्हणाली, आपल्या हॉलमध्ये दर गुरुवारी एक बैठक सुरू होतेय. क्वाशींची नात केझाया शिकून मनाची डॉक्टरीण झाली आहे, ती घेणार. दारावर पाटी लावली होती, 'मनाचं आरोग्य'. आठवडाभर कुणी आत पाऊल टाकलं नाही. मिस्टर बेथेल म्हणाले म्हणे, "त्या पाटीखालून मी एकदा गेलो, की चहाच्या वेळेपर्यंत अख्ख्या गावात बातमी. हिल्टन बेथेलचा स्क्रू ढिला झाला." मग केझायाने पाटी उतरवली आणि 'डॉमिनो आणि गप्पा' अशी दुसरी लावली.

"मला काय त्याचं?" मी म्हटलं.

"अगं, चहाला भरवशाचं माणूस हवंय. केझायाच म्हणाली, सेराफीनबाईंसारखा चहा कुणी करत नाही."

त्या मुलीने माझा चहा कधी प्यायला देव जाणे. पण चांगलं नाव आपल्या पायांनी चालत जातं. मी हो म्हटलं. जसिंटालाही कळवलं, की मी आता गुरुवारची जाणार, पण बोलायला नाही, चहा करायला. ती चिडेल असं वाटलं होतं. "बरं," म्हणाली, आणि चक्क हसली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आपले लोक किती दुःखात आहेत याची मला कल्पनाच नव्हती.

केझाया गोड मुलगी आहे. केसांच्या बारीक वेण्या, आणि बोलताना समोरच्याकडे असं बघते की आपण काहीतरी कबूल करून बसू. ती सगळ्यांना म्हणाली, "आज मनावर काय ओझं आहे, एकेकाने सांगूया." मिस्टर बेथेलनी डॉमिनोची सोंगटी टेबलावर अशी आदळली की माझ्या हातातल्या बशीने उडी मारली.

मग युलालीने त्यांना कोपराने ढोसलं. मिस्टर बेथेल एवढे धिप्पाड, गिरणीत तीस वर्षं लोकरीचे गठ्ठे उचललेले. खाली बघून म्हणाले, "मला... मला गाजराची भीती वाटते."

"गाजराची?" केझाया.

"हो. विशेषतः मोठ्या."

मला त्यांची कीव आली. किती वर्षं हा माणूस हे मनात घेऊन वावरला असेल! मी किटली खाली ठेवली आणि सांगितलं, "मिस्टर बेथेल, गाजर तुमच्यापेक्षा लहान आहे, हे रोज सकाळी आरशासमोर म्हणायचं." त्यांनी मान डोलावली.

युलाली म्हणाली, तिला उगाचच रडू येतं. "कधी येतं?" मी विचारलं. "म्हणजे... कांदा चिरताना." मी म्हटलं, "बाई, ते सगळ्यांनाच येतं." "येतं ना? मग बरं वाटलं हो. पण तुला नुसतंच कधी येतं का गं, सेरा, कांद्याशिवाय?"

"मला कांद्यानेसुद्धा येत नाही," मी म्हटलं. खरंच आहे ते. ऑक्टोबरपासून एकदाही आलेलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी केक कापायला घेतला.

जाताना केझाया म्हणाली (आमच्यात मावशीला टँटी म्हणतात), "टँटी सेरा, पुढच्या गुरुवारी नक्की या. तुमच्याशिवाय ही बैठक होणारच नाही." म्हणजे एवढा चहा आवडला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

उद्यापासून ईस्टरआधीचा उपवासाचा काळ. आज रीतीप्रमाणे पॅनकेक केले. कथबर्टला लिंबू पिळून, वर जायफळ किसून लागायचे. जायफळ इथल्या दुकानातलं चालायचं नाही, आपल्या बेटाकडचंच हवं. सवयीने दोघांचे झाले. त्याचं ताट त्याच्या जागेवर ठेवलं. मग टाकून कसं द्यायचं, म्हणून मीच उभ्याने खाल्लं. हे रोजचंच आहे. डॉक्टर म्हणतात माझं वजन वाढलंय. दोन माणसांचं आहे ते.

जेवून एकदा जिना चढून पाहिला. पलंग तसाच आहे. मी भिंतीकडे झोपायचे, तो दाराकडे. शेवटची बस डेपोत लावून यायचा, बूट काढायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "जरा तिकडे हो, सेरा, अर्धं इंग्लंड अडवून झोपली आहेस." आता अख्खं इंग्लंड मोकळं आहे. मी खाली येऊन खुर्चीत बसले. खुर्चीचं बरं असतं, तिच्यात दुसऱ्याची जागाच नसते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पेन कागदात रुतवून लिहितेय. रागाने.

आमच्या कॅरिआकूत गेलेलं माणूस स्वप्नात येऊन जेवण मागतं. मागितलं की त्याच्या आवडीचं रांधायचं, पांढऱ्या कापडावर ताट मांडायचं, दार लोटून घ्यायचं. रात्रभर त्याला कुणी हात लावायचा नाही. सकाळी ते घरातल्या लेकरांनी खायचं. कॉन्व्हेंटमधल्या फ्रेंच सिस्टर याला अंधश्रद्धा म्हणायच्या, पण त्यांच्याही स्वप्नात कुणी येत असेलच की, फक्त फ्रेंच बोलत असेल.

तर आज चहाच्या वेळी युलाली घसा खाकरून म्हणाली, "सेरा, काल कथबर्ट माझ्या स्वप्नात आला."

हॉलमध्ये सोंगट्या थांबल्या.

"तपकिरी सुटात होता. म्हणाला, 'युला, सेराला सांग माझं ताट मांड. मला भूक लागली आहे.'"

"युला?" मी म्हटलं. "तो तुला युला म्हणाला?"

"स्वप्नात घाई असते गं."

"आणि खायला काय मागितलं?"

"कलालूची भाजी. भरपूर भेंडी घालून."

भेंडी! ज्या माणसासमोर भेंडी आली की तो ताटावरून उठून बसस्टॉपपर्यंत चालत जायचा! आणि तपकिरी सूट मी त्याच्या जिवंतपणीच चर्चच्या सेलला दिला होता, त्याला करड्या सुटात निरोप दिला. पण या तर बारीकसारीक गोष्टी झाल्या. मुद्दा असा, की एवढी वर्षं मी त्याचे शर्ट इस्त्री केले, आणि हा माणूस आमच्या दारावरून चार घरं पुढे जाऊन युलालीच्या स्वप्नात शिरतो!

घरी आले आणि टोपीला चांगलं फैलावर घेतलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आता मिस्टर बेथेलच्याही स्वप्नात गेला. त्यांच्याकडे त्याने बकऱ्याचा रस्सा आणि रम मागितली. वर हेही सांगितलं, की पूर्वी एकदा मिस्टर बेथेल डॉमिनोत लबाडीने जिंकले होते ते त्याने माफ केलंय. कथबर्ट माफ करणाऱ्यातला नव्हता. मेल्यावर माणूस सुधारतो म्हणतात.

पण कळस झाला तो चर्चमध्ये. मिस्सा संपल्यावर फादर डन्फींनी मला बाजूला घेतलं. युलाली खांबाआडून बघत होती. "सेराफीन," फादर म्हणाले, "मला... हं... तुझे पती दिसले. झोपेत. त्यांना शेपर्ड्स पाय हवा होता."

फादर आयरिश आहेत, खिमा-बटाट्याचा तो पाय त्यांच्याकडचा. आमच्या लोकांची स्वप्नं त्यांना पडायचं कारण काय? आणि एक गंमत मी टिपून ठेवते: तो ज्याच्याकडे जातो त्याच्या आवडीचंच मागतो. बहुतेक यजमानाला जड होऊ नये म्हणून. स्वभावाने भिडस्त होताच.

मग माझ्याकडेच का येत नाही? मी काय कमी केलं?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर ओरडले. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई, ओरडले.

युलालीने सुरुवात केली, "काल पुन्हा कथबर्ट..." आणि मी चहाचा ट्रेच आपटला. "बास! सगळ्यांकडे जातो तो! तुझ्याकडे, मिस्टर बेथेलकडे, फादरकडे, उद्या पोस्टमनकडे जाईल! माझ्याकडे एकदा नाही! एकदा तरी यायला नको का?"

मिस्टर बेथेल युलालीला म्हणाले, "तरी मी सांगत होतो, फादर नकोत." तिने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. याचा अर्थ मला लागला नाही.

केझाया उठून माझ्याजवळ आली. "टँटी, तुम्ही झोपता कधी?"

"खुर्चीत. डुलकी. एक डोळा उघडा."

"मग त्या बिचाऱ्याने यायचं कुठून?"

याचा मी कधी विचारच केला नव्हता. स्वप्नात यायला आधी झोप लागावी लागते. एवढी साधी गोष्ट, आणि त्या मुलीच्या लक्षात आली. उगाच नाही शिकली.

"त्या डॉक्टरांनी तुम्हाला ज्या बोलण्याबद्दल सांगितलं, ते यासाठीच," ती म्हणाली. "झोपेसाठी."

डॉक्टर काय म्हणाले हे हिला कसं कळलं कोण जाणे. गाव लहान आहे. पण मी स्पष्ट सांगितलं, "पोरी, ते फायलीत लिहितात. आमच्या लोकांचं एकदा लिहिलं की पुसत नाहीत. माझा भाऊ आल्बन. त्याला बायको सोडून गेली, तो रस्त्यात मोठमोठ्याने स्तोत्रं म्हणत फिरला, एवढंच. पोलीस घेऊन गेले. परत आला तो वर्षाने, सुजलेला, जीभ जड झालेली. आई सगळ्यांना सांगायची, आल्बन कॅनडाला गेला होता."

बोलून गेल्यावर मला कळलं, की हे मी आजवर कथबर्टशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही.

मिस्टर बेथेल म्हणाले, "माझी थोरली बहीणही कॅनडाला होती. दोनदा." या वेळी ते कुणाच्या कोपराशिवाय बोलले. मग दाराजवळ बसलेली एक बाई म्हणाली, तिचा मुलगा अजून कॅनडातच आहे.

आणि मग युलाली. टेकडीवरची युलाली. "मीसुद्धा गेले होते," ती म्हणाली. "धाकटीच्या बाळंतपणानंतर. दीड महिना."

"कॅनडाला?" मी म्हटलं. "मला आठवतंय! एक कार्डसुद्धा पाठवलं नाहीस म्हणून मी तुझ्याशी वर्षभर बोलले नव्हते."

"कार्ड कुठलं, सेरा? खिडकीला गज होते."

मी तिचा हात धरला. तिचा हात नेहमी गार असतो, चिडवायचो आम्ही तिला, मासळीबाजार म्हणून. कितीतरी वेळ धरून बसले. मिस्टर बेथेल डोळे पुसत म्हणाले, पॅटीत मिरची फार झाली आहे. पॅटी मीच केल्या होत्या. मिरची अजिबात नव्हती.

निघताना केझायाला मी सांगितलं, की दर मंगळवारी तिच्याकडे एकटी येऊन बसेन. बोलायला म्हणून नाही. त्या मुलीलाही कुणीतरी सोबत हवी. ती फायलीत काय लिहील ते आधी मला वाचून दाखवणार, या अटीवर.

३ मार्च, मंगळवार

केझायाकडे तासभर बसले. कथबर्टबद्दल बोलले. शेवटी ती म्हणाली, "आज फायलीत लिहिते: कथबर्टना भेंडी आवडत नसे." मी म्हटलं, हे लिहायला हरकत नाही.

घरी येते तर दारात युलाली. हातात गरम पाण्याची रबरी पिशवी, काखेत उशी.

"आजपासून तू वर पलंगावर झोपायचं. मी खाली खुर्चीत."

"तू कशाला?"

"अगं, एवढे महिने तू खुर्चीत आहेस. तो सवयीने इथेच यायचा. मी इथे बसते. आला की वर पाठवते."

तिचं डोकं कधी कधी खरंच चालतं. पण मी बजावलं, "पाठवायचंच फक्त. बोलत बसायचं नाही. आणि युला म्हणू द्यायचं नाही."

"देवाशप्पथ."

४ मार्च, बुधवार

नाही आला. युलाली खाली अशी घोरत होती की आलेला माणूसही परत गेला असता. मी पलंगाच्या मधोमध पडून छताकडे बघत राहिले. सकाळी ती म्हणाली, "माझ्याकडेही नाही आला." बरं वाटलं. असं वाटू नये, पण वाटलं.

८ मार्च, रविवार

अजून नाही. थोडी झोप लागते, स्वप्नं पडतात, पण भलतीच. काल सिस्टर बोनाव्हेंचर बस चालवत होत्या. मला बसमध्ये घेतलं नाही.

जसिंटाने फोनवर विचारलं, "पलंगावर झोपतेस ना?" म्हटलं, हो. "आणि युलाली आंटीची पाठ कशी आहे?" युलाली खुर्चीत झोपते हे मी तिला बोलले नव्हते. म्हातारपणी विसरायला होतं, बोललेही असेन.

११ मार्च, बुधवार

आला.

ड्रायव्हरच्या गणवेशात होता, डोकं उघडं. टोपी खाली खुंटीवर ना. पलंगाच्या कडेला बसून बूट काढत होता, आधी डावा, मग उजवा, नेहमीसारखा. मी सगळी भांडणं तयार ठेवली होती: भेंडी का मागितलीस, तिच्याकडे आधी का गेलास, तपकिरी सूट आणलास कुठून.

त्याआधीच तो वळला आणि म्हणाला, "जरा तिकडे हो, सेरा."

बस. मी झाले तिकडे.

जाग आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती आणि माझा डबा बाहेर ठेवायचा राहिला होता. या घरात असं आजवर झालेलं नाही. मी भिंतीला चिकटून होते, गाल भिंतीच्या गारव्याने बधिर झालेला. बाजूचा अर्धा पलंग मोकळा होता. मी त्यावर हात ठेवला. मग रडले. खूप वेळ. कांदा नव्हता.

युलाली धावत वर आली. बूट काढून, खाली जमिनीवर बसून राहिली, पलंगावर बसली नाही. मग म्हणाली, "जेवायला काय मागितलं?"

मी सांगितलं नाही. ते आमचं आपसातलं.

१४ मार्च, शनिवार

आज ताट मांडलं.

रांधायला सगळी मंडळी माझ्या स्वयंपाकघरात. ब्रेडफ्रूट, खारवलेला मासा, नारळाचं दूध, हळद, मोठ्या पातेल्यात मंद आचेवर तेल सुटेपर्यंत शिजवलं. युलालीने पिशवीतून हळूच भेंडी काढली. मी बघितलं. तिने परत ठेवली. "मग त्या रात्री मागितली ती?" मी विचारलं. "माझ्या ऐकण्यात चुकलं असेल," ती म्हणाली. फादर डन्फी शेपर्ड्स पाय घेऊन आले होते, तो त्यांनाच वाढला. मिस्टर बेथेलनी सूपमधली सगळी गाजरं मागून मागून खाल्ली, मोठी मोठीसुद्धा. पाहा, आरशासमोरच्या एका वाक्याने काय होतं!

जसिंटा लेस्टरहून आली. आल्या आल्या केझायाच्या गळ्यात पडली, जणू कित्येक वर्षांची ओळख. तरुण मुली लवकर मिसळतात. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "मम्मी, ती मागची खोली राहू दे. सायकललाही जागा लागतेच."

"पण मी मंगळवारी केझायाकडे जाणं सोडणार नाही," मी म्हटलं. "त्या मुलीला माझी गरज आहे."

"हो, मम्मी."

सगळे गेल्यावर टेबलावर पांढरं कापड अंथरलं. ताट वाढलं, वर आमच्या बेटाचं जायफळ किसलं, पेल्यात दोन बोटं रम. टोपी खुंटीवरून काढून खुर्चीवर ठेवली. त्याची जागा आता टेबलाशी. रोज त्याचं ताट मांडत होते ते जेवणारं माणूस घरात आहे म्हणून. आज मांडलं ते नाही म्हणून. सकाळी जसिंटा खाईल. आमचं लेकरू तेच, त्रेपन्न वर्षांचं.

दार लोटून घेतलंय. वर जाते झोपायला. भिंतीकडे.